घसरगाडी कुणी केली

निशिगंधाने सलग चार शनिवार जर्मनीतल्या कार्ल्सरूहेहून तिच्या मित्राच्या, रुपेशच्या गावी चकरा मारल्या. रविवारी ड्रिल चालवलं की शेजारी तक्रार करतात, म्हणून शनिवारच. स्टुटगार्टपासून दीड तासावर, डोंगरावरच्या त्या गावात रुपेश फ्राऊ क्लेंक नावाच्या शेतकरीणबाईंच्या घरी भाड्याने राहायचा. त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, तिने फळ्या कापल्या, वाफेवर वाकवल्या, घासल्या आणि दोघं बसतील एवढी घसरगाडी उभी केली. लाकडावरच पीएचडी करणारी मुलगी ती. हात सोलवटले, पण एक सांधा ढिला राहू दिला नाही.

आणि रुपेशने नि त्याच्या जोडीदाराने, यशोधनने काय केलं? दोघेही गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, एक्सेल शीट केली आणि तीन मीटिंगा घेतल्या. बर्फ पडल्याबरोबर रुपेशने ग्रुपवर फोटो टाकला, ‘आम्ही बनवलेली स्लेज!’ आम्ही! निशिगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पहिल्या फेरीत पुढे तीच बसणार, हे ठरलेलं होतं, म्हणून तिने तोंड मिटलं.

आज सकाळी घसरगाडी बर्फावरून ओढायला फ्राऊ क्लेंकनी ट्रॅक्टर काढला. सत्तरीच्या बाई, पण ट्रॅक्टरला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दोर बांधून झाला, तेवढ्यात रुपेशने पिशवीतून नारळ काढला. नवी गाडी म्हटल्यावर नारळ फोडल्याशिवाय याला चैन पडणार थोडीच! पण गुडघाभर बर्फात नारळ फुटणार कसा? आपटला की आत रुतायचा. दोनदा उकरून काढल्यावर या शहाण्याने तो थेट गाडीच्या पुढच्या आडव्या दांडीवर हाणला. ट्रॅक्टरचा दोर त्याच दांडीला होता.

“अरे, तिथे नको!” निशिगंधा ओरडली.

नारळ फुटला. दांडीलाही बोल्टजवळ चीर गेली.

“दहा मिनिटं द्या,” ती म्हणाली. “दुसरी दांडी केलरमध्ये आहे.”

“आल्झो, चला तर, शुभ कामात मोडता घालू नकोस गं,” म्हणत रुपेश खुशाल पुढच्या जागेवर बसला. मागे यशोधन. “तू आधी व्हिडिओ काढ. तुझा हात स्थिर असतो.”

ती धावत फ्राऊ क्लेंककडे गेली. दांडीला चीर गेलीय, हळू चालवा, असं तिने जर्मनमध्ये सांगितलं.

“गाडी बनवली कुणी?” त्यांनी विचारलं.

“आम्ही! काही होत नाही, आम्ही इंजिनिअर आहोत!” रुपेश मागून ओरडला.

बाईंनी खांदे उडवले आणि ट्रॅक्टर सावकाश सोडला. वळणावर दांडी कडकन मोडली. ट्रॅक्टर तिचा तुकडा ओढत पुढे गेला आणि घसरगाडी उतारावरून सुटली ती थेट शेणाच्या ढिगात. वर बर्फ, आत चांगलं ओलं शेण. कुणाला खरचटलंही नाही, पण दोघे कमरेपर्यंत आत गेले.

यशोधन उठला तो तिच्यावर डाफरतच. “काय गं निशिगंधा, कसली दांडी लावलीस तू!”

तू! चालत होती तोवर आम्ही, आणि मोडल्याबरोबर तू! तिला रडू येईल इतका राग आला.

फ्राऊ क्लेंक मोडका तुकडा घेऊन परत आल्या. चिरेत करवंटीचा एक टवका अडकलेला होता. तो त्यांनी नखाने काढला, नीट पाहिला. “आता सांगा, कुणी बनवली?”

दोन शेणाने भरलेली बोटं निशिगंधाकडे वळली.

“मी!” ती इतक्या जोरात म्हणाली की गोठ्यातल्या गाईंनी माना वळवल्या. “एकटीने. सगळीच्या सगळी. चीर तेवढी यांची.”

बाईंनी ढिगाजवळ जाऊन गाडी हलवून पाहिली, सांधे ठोकून पाहिले. काही म्हणता काही हललं नव्हतं. “गेनाऊ, अगदी बरोबर,” त्या म्हणाल्या. “दांडी घेऊन ये.”

दहा मिनिटं लागली, तिने सांगितली होती तेवढीच. जागा बर्फाने घासून ती पुढे बसली, एकटी. दोघे जवळच कुडकुडत, घाण मारत उभे होते.

“मी बसू का मागे?” रुपेशने विचारलं.

तिने खिशातून फोन काढला. “आधी हात धू. मग व्हिडिओ काढ. आणि हात स्थिर ठेव.”

ट्रॅक्टर निघाला. पहिली फेरी तिने दात-ओठ खाऊनच काढली. दुसऱ्या फेरीत मात्र ती मोठमोठ्याने हसली.