टोल बंद होता तेव्हा

टोलकाकांना त्या शाळेत सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या मते सगळी शाळा त्यांच्या उजव्या हातावर चालत होती. हे त्यांनी बायकोखेरीज कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. हुद्दा शिपायाचा, पण फाइली इकडच्या तिकडे नेणं आणि खडू वाटणं ही त्यांच्या लेखी फुटकळ कामं. खरं काम म्हणजे मधल्या जिन्यापाशी टांगलेल्या पितळी तबकडीवर लाकडी हातोडीनं टोल देणं, दिवसातून अकरा वेळा. मध्यंतरी कुणाच्या तरी डोक्यातून विजेची घंटा निघाली होती. तीन महिन्यांत तिचा घसा बसला, आणि काकांनी चेहऱ्यावर जराही आनंद न दाखवता तबकडी घासूनपुसून पुन्हा टांगली.

मुलं त्यांना टोलकाका म्हणायची. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथंच राहायचं.

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि नववीत एक नवी मुलगी आली. लांब वेणी, खाली मान, बोलणं जवळजवळ नाहीच. पहिला टोल पडला तशी ती बाकाखाली गेली. दोन्ही हात कानांवर घट्ट, डोळे मिटलेले, अंगाला कापरं भरलेलं. टोल थांबून दहा मिनिटं झाली तरी बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ही तिची चौथी शाळा होती. तिसऱ्या शाळेनं महिनाभर वाट पाहून दाखला हातात दिला होता. इथंही जमलं नाही तर पुढची शाळा शोधायची ताकद माझ्यात उरलेली नाही, असं तिच्या आईनं मोठ्या बाईंना सरळ सांगून टाकलं.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी समुपदेशक बाईंना बोलावलं आणि काकांनाही. समुपदेशक बाई वयानं लहान, कामाच्या मात्र वाघीण. नकाशांची जुनी खोली रिकामी करून त्यांनी तिथं पडदे लावले होते, जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या, आणि ज्याला वर्गात गुदमरल्यासारखं होईल त्यानं तिथं येऊन बसावं असं ठरवलं होतं. तिला सगळे शांत खोली म्हणायचे. त्या मुलीबद्दल त्यांनी आईला विचारलं होतं, डॉक्टरांना विचारलं होतं, जुन्या शाळांना पत्रं लिहिली होती. या सगळ्यातून त्यांनी एक मार्ग काढला. सहा आठवडे टोल बंद. कारण मात्र ऑफिसबाहेर जाता कामा नये, नाहीतर मुलं तिला जगू देणार नाहीत.

काका होय म्हणाले. तबकडीवर जुनं पांघरूण बांधताना त्यांना आपल्याच हाताला पट्टी बांधल्यासारखं वाटलं.

मग शाळेला गुंगी आली. टोलाच्या वेळी काका पहिल्या वर्गापासून निघायचे, दारात उभे राहून तळहात वर करायचे आणि पुढच्या वर्गाकडे जायचे. अठरा वर्ग, दोन मजले, एक जिना. शेवटच्या वर्गापाशी पोहोचायला सात मिनिटं लागायची, म्हणजे तळमजल्यावर गणित संपून मुलं बाहेर आलेली असायची आणि वरच्या टोकाला ते अजून सात मिनिटं चालायचं. वेळ शाळेतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जात होता, काकांच्या चपला घालून. त्यांचा हात वर झालेला वर्गाला पटकन दिसायचा नाही. एखाद्याला दिसायचा, तो शेजारच्याला कोपर मारायचा, मग हळूहळू चाळीस चेहरे झोपेतून उठल्यासारखे दाराकडे वळायचे. धावत कुणी सुटत नव्हतं, कारण धावायला नेमकी सुरुवात कधी करायची हेच कळत नव्हतं.

काकांना शाळेत असे आवाज ऐकू यायला लागले जे सव्वीस वर्षांत कधी कानांवर पडले नव्हते. फळ्यावर खडू थांबतो तेव्हाची शांतता, पत्र्यावर पक्ष्यांची पावलं. भूगोलाच्या बाई वाचत असलेली नद्यांची नावं जिन्यावरून खाली उतरत यायची. उन्हाचे चौकोन ओसरीतल्या फरशीवरून सरकताना दिसायचे, आणि काका त्यांच्यातून पाण्यातून चालावं तसे सावकाश चालायचे. हे त्यांना आवडत होतं. आवडतंय याचाच त्यांना राग येत होता.

आणि टोल बंद झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांची जीभ घसरली.

पाण्याच्या नळांपाशी दहावीतली चार टगी मुलं उभी होती. त्यांनी काकांची फिरकी घेतली. काका, आता तुमचं काय काम, घरी झोपा की, असं काहीबाही. एरवी काकांनी हसून सोडून दिलं असतं. त्या दिवशी ते वर्मी लागलं. नववीतल्या त्या नाजूक कानवाल्या राणीसरकारला विचारा माझं काम कुठं गेलं ते, असं ते म्हणून गेले. मुलं हसली. काकाही हसले, आणि ओसरी अर्धी ओलांडल्यावर त्यांना कळलं की आपण काय करून बसलो.

शाळा सुटेपर्यंत तिला राणीसरकार हे नाव पडलं होतं.

पुढचे चार आठवडे काकांनी ते रोज पाहिलं. तिचा वर्ग सगळ्यांत शेवटचा, वरच्या मजल्याच्या टोकाला. हात वर करून ते तिथं थांबले की तिचा बाक दिसायचा. आधी शेजारची मुलगी उठून दुसरीकडे गेली, मग पुढचा बाक जरा पुढं सरकला, मग मागचा मागे. तिच्याभोवती एक रिकामं अंगण तयार झालं. कुणी मारत नव्हतं, शिव्या देत नव्हतं. ती आली की कुणीतरी हळूच तोंडावर बोट ठेवून श्श म्हणायचं, आणि सगळा वर्ग अदबीनं गप्प व्हायचा. त्या शांततेत तिनं दप्तर ठेवल्याचासुद्धा आवाज मोठा वाटायचा. हळूहळू ती वर्गात कमी आणि शांत खोलीत जास्त दिसू लागली.

काकांचं जेवणावरून मन उडालं. बायकोनं विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. रोज सकाळी समुपदेशक बाईंना सांगायचं ठरवून निघायचे आणि त्यांच्या खोलीपाशी पोहोचले की त्यांना खडू वाटायचे आहेत हे आठवायचं. नोकरीची भीती नव्हती त्यांना. बाई तोंडावर काही बोलणार नाहीत, नुसतं बघतील, याची भीती होती.

पाचव्या आठवड्यात तिची आई आली. ऑफिसातून निरोप आला, नववीतल्या त्या मुलीची फाइल घेऊन या, दाखला काढायचाय. काकांनी कपाट उघडलं. फाइल पातळ होती, एवढ्याशा दिवसांत जाड कशी होणार. ती छातीशी धरून ते ओसरीतून निघाले, आणि ती ओसरी काही केल्या संपेना. एका वर्गात कविता चालली होती, दुसऱ्यात कुणाला तरी जांभई आली आणि ती पूर्ण झाली तरी काका पुढच्या दारापाशी पोहोचले नव्हते. ऊन, सावली, ऊन, सावली. या पोरीचं शिक्षण आपण हातात घेऊन बाहेर टाकायला निघालोय, असं त्यांना लख्ख वाटलं. शेवटी ते ऑफिसच्या दारात पोहोचले.

मोठ्या बाईंनी हात पुढे केला. काकांनी फाइल दिली नाही.

"बाई, हे माझ्यामुळे झालंय," ते म्हणाले. "मुलांना मी सांगितलं. राणीसरकार हे नावही माझंच. टोल गेल्याचा राग होता, तो या पोरीवर काढला."

समुपदेशक बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं त्यांना वाटलं होतं तितकंच वाईट होतं. आई खुर्चीत ताठ झाली. मुलगी खिडकीशी बसून भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत होती. तिनं मान वळवली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "नळांच्या मागच्या पायरीवर मी डबा खात होते."

काकांना बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती. मग तू कुणाला सांगितलं का नाहीस, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"कुणी विचारलं नाही."

मग समुपदेशक बाई उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि टोलाचं काय करायला हवं होतं ते तिला विचारलं. प्रश्न साधा होता. तो पाच आठवड्यांपूर्वी विचारायचा होता हे विचारतानाच त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा आवाज बारीक झाला.

मुलीनं सेकंदकाटा बारावर येऊ दिला. "आवाज चालतो मला. एकदम येतो ते चालत नाही. पाच मिनिटं आधी कळलं तर मी कान धरून बसते, संपला की सोडते. टोल बंद करा असं मी कुठं म्हटलं होतं?"

समुपदेशक बाईंच्या वहीत तिच्याबद्दल अठरा पानं लिहिलेली होती. त्यांनी वही मिटली आणि माझं चुकलं, असं मोठ्यानं म्हणाल्या. आई मात्र रडायला लागली. तीन शाळा झाल्या, मीसुद्धा कधी विचारलं नाही, डॉक्टरांनाच विचारत राहिले, असं ती पदरानं डोळे पुसत सांगत होती. मग एकदम तिनं डोळे कोरडे केले आणि व्यवहाराचं बोलली. टोलाचं होईल काहीतरी. पण वर्गात हिच्या शेजारी कुणी बसत नाही, त्याचं काय करणार?

"ते मी करून ठेवलंय ताई," काका म्हणाले. "मीच जाऊन सांगतो."

वर्गात गणित चाललं होतं. सव्वीस वर्षांत काका कुठल्याही वर्गात निरोपाच्या चिठ्ठीशिवाय शिरले नव्हते, त्यामुळे गणिताच्या सरांनी सवयीनं हात पुढे केला. चिठ्ठी नाही सर, मुलांशी बोलायचंय, असं म्हणून काका फळ्यापाशी उभे राहिले. दारात आई आणि मुलगी उभ्या होत्या, मुलीच्या खांद्यावर दप्तर होतं. बाहेरचं ऊन खडूच्या धुळीत अडकून वर्गभर तरंगत होतं, आणि सगळे चेहरे त्या धुळीपलीकडे लांब वाटत होते. काकांनी सगळं सांगितलं. टोल तिनं बंद करायला लावला नव्हता, तिला कुणी विचारलंच नव्हतं. नाव मी ठेवलं. म्हातारा माणूस रुसला होता, तुम्ही त्याचं ऐकलंत. ऐकू नका.

मग मागच्या बाकावरची एक उंच मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "काका, खरं सांगू? तुमचा टोल एकदम पडतो ना, तेव्हा मलापण धस्स होतं."

पेपरच्या टोलाला माझ्या पोटात गोळा येतो, असं दुसरं कुणी म्हणालं. दाराशेजारी बसणारा एक जण म्हणाला की तो गेल्या वर्षीपासून कानांत कापूस घालतो. गणिताच्या सरांना मोजल्याशिवाय राहवेना. ज्यांना टोल नकोसा वाटतो त्यांनी हात वर करा, ते म्हणाले. काकांनी हातांकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या आवाजावर आपण जीव टाकला तो इतक्या जणांच्या काळजाला लागत होता, आणि आपल्याला पत्ताच नाही. वाईट वाटलं त्यांना, आणि हसूही आलं.

"एकोणीस," दारातून आवाज आला. मुलगी बोटानं मोजत होती. "सरांचा धरून वीस."

सरांनी आपला हात पाहिला. तो खरंच वर होता, खडूसकट. वर्ग हसला, आणि या वेळी ते हसणं तिच्यावर नव्हतं. सगळेच हसले असं नाही. पुढच्या बाकावरचे दोघं वहीतून वर पाहायलाही तयार नव्हते. उंच मुलीनं आपल्या शेजारचं दप्तर उचलून खाली ठेवलं आणि काही न बोलता पुन्हा गणितात डोकं घातलं.

मुलगी आत गेली. त्या मोकळ्या जागेपाशी थांबली, बसली, पुन्हा उठून दारापर्यंत आली. हा तास संपायला किती वेळ आहे, असं तिनं काकांना विचारलं. काकांनी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं.

"मग सतरा मिनिटांनी या," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.

काका बाहेर आले. आई ओसरीत भिंतीला टेकून उभी होती आणि फाइल अजून काकांच्याच हातात होती. ती परत कपाटात ठेवू का, असं त्यांनी विचारलं.

"ठेवा," ती म्हणाली. "काका, आजवर तिनं कुणालाच ‘या’ म्हटलेलं नाही. मलासुद्धा."

काकांनी तिला ऑफिसातली एक खुर्ची आणून दिली आणि ते तबकडीवरचं पांघरूण सोडायला जिना उतरले.