समोरच्या काठाने परत

निवृत्त पोस्टमननी आयुष्यभर एकच शिस्त पाळली होती. गल्लीच्या एका बाजूची पत्रं वाटत जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. आल्या वाटेने माघारी फिरणं म्हणजे त्यांच्या लेखी पायांचा अपमान. म्हणूनच थंडीतल्या त्या सकाळी नदीकाठच्या जंगलातून बायकोला चांगलं सहा किलोमीटर चालवल्यावर त्यांनी लाकडी पूल ओलांडला आणि समोरच्या काठाने परतीची वाट धरली.

"अहो, आलो तसंच जाऊ या की," बायको म्हणाली.

"तीच ती झाडं काय बघायची? चल गुमान."

झाडं खरोखरच नवी होती. पोस्टमन खुशीत शीळ घालत निघाले. दुपारी त्यांना सकाळी लावून ठेवलेली आपली स्कूटर दिसली. परत आल्यावर प्यायचा म्हणून ठेवलेला चहाचा थर्मास हँडलला तसाच लटकत होता. फक्त मध्ये अख्खी नदी होती, बर्फासारखी गार, आणि पूल सहा किलोमीटर मागे.

शीळ थांबली. बायको एका दगडावर ऐसपैस बसली.

"मी आहे इथेच," ती म्हणाली. "तुम्ही दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडा, आणि चहा घेऊन या."