पांढरं रीळ, काळं रीळ

शिप आणि शीप. एक जहाज, एक मेंढी. तिसऱ्या दिवशी मला दोघांचाही सारखाच राग यायला लागला होता.

कॉल सेंटरच्या ऑफिसातून आलेल्या कागदावर अशा तीस जोड्या होत्या. मधे न थांबता सगळ्या वाचायच्या, फोनवर रेकॉर्ड करायच्या आणि शुक्रवारी चारच्या आत ट्रेनिंगवाल्या मॅडमना पाठवायच्या. बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या प्रत्येकीला हे चुकत नाही. पास झालात तर सकाळी आठ ते चार फोनवर. नापास झालात तर दुपारी दोन ते रात्री दहा पत्रांना उत्तरं लिहीत बसा. माझी भिंगरी दहा महिन्यांची आहे आणि साडेसातला झोपते. झोपताना तिच्या पाठीवर हात कुणाचा असणार, एवढंच त्या कागदावर ठरायचं होतं. इंग्रजीचं मला काही पडलेलं नव्हतं.

पहिलं रेकॉर्डिंग मी न्हाणीघरात केलं. बाहेर सासूबाईंचं शिवणयंत्र चालू असतं, घरात तेवढीच जागा शांत. नवऱ्याला ऐकवलं. तो कागद हातात धरून प्रत्येक शब्दाला मान डोलवत राहिला, ‘एकदम क्लिअर’ म्हणाला आणि डबा घेऊन कामावर गेला. तासाभरात मॅडमचं उत्तर आलं. तीसपैकी सव्वीस जोड्यांमध्ये दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात.

सव्वीस! शाळेत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक न करणारी मुलगी मी. पण आपलं ऱ्हस्व-दीर्घ वहीत. बोलताना वेलांटी पहिली की दुसरी, कोण बघायला बसलंय? ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’चा तर वेगळाच छळ. एकाला खालचा ओठ दाताखाली, दुसऱ्याला ओठांचा चंबू. भिंगरीला कडेवर घेऊन आरशासमोर चंबू केला की तिला वाटायचं, आई पापा मागतेय. ती पुढे होऊन आरशातल्या आईला पापा द्यायची. आरसा चिकट झाला, जोडी जिथल्या तिथे.

बुधवारी मी हट्टाला पेटले आणि ‘शीप’ इतकं लांबवलं, की सासूबाईंनी यंत्र थांबवून विचारलं, कुणाला हाका मारतेयस गं? मग सगळं सांगावंच लागलं. त्या घरी कपडे शिवतात. शाळा चौथीत सुटली, इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांनी दोन्ही शब्द पुन्हा म्हणायला लावले.

“मला तर एकच ऐकू आलं,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून.” माझा तोल सुटला होता.

“नाही येत. म्हणून तर सांगते. तुझा नवरा कागद बघून माना हलवत होता. त्याला ऐकायची गरजच नव्हती.” त्यांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. “गिऱ्हाईक सांगतं ते माप मी लिहीत नाही बाई. टेप सांगते ते लिहिते.”

मॅडमनी स्वतःच्या आवाजात पाठवलेला नमुना मी त्यांना दोनदा ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि स्वतःच पद्धत काढली. एका हातात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, दुसऱ्यात काळ्या. जोडीतला कुठलाही शब्द मी म्हणायचा. आखूड वाटला तर पांढरं रीळ शिवणाच्या डब्याच्या झाकणावर टक, लांब वाटला तर काळं. ओठ दाताखाली गेला तर पांढरं, चंबू झाला तर काळं. मी मनात धरलेलं आणि त्यांनी वाजवलेलं जुळेपर्यंत सुटका नाही. बुधवारची दुपार, गुरुवारची दुपार, भिंगरीच्या झोपेचा एकेक तास त्यात गेला. किती वेळा मी चिडून कागद फेकला असेल! त्या उचलून माझ्या मांडीवर ठेवायच्या. “उसवलंय ना? मग पुन्हा घाल टीप.”

शुक्रवारी नेमकी भिंगरी झोपेना. साडेतीनला तिला सासूबाईंपाशी सोपवून मी न्हाणीघरात गेले आणि सगळं सपाट. समोर रीळ नसलं की जिभेला रस्ताच सापडेना. शेवटी पावणेचारला बाहेर आले, त्यांच्यापुढे मांडी घातली आणि फोनचं बटण दाबलं. कागदावर जोड्या उलटसुलट होत्या, कधी आखूड शब्द आधी तर कधी लांब, त्यामुळे त्यांना अंदाजानं वाजवणं शक्य नव्हतं. टक. टक. बाविसाव्या जोडीला भिंगरीनं काळं रीळ हिसकावलं आणि खाटेखाली रांगत गेली. थांबायची परवानगी नव्हती. उरलेल्या आठ जोड्यांना सासूबाईंनी काळ्याऐवजी बोट वर केलं. चारला तीन मिनिटं असताना मी पाठवून दिलं.

साडेचारला मॅडमचा फोन आला. प्रत्येक शब्दामागे काय वाजतंय, त्यांनी विचारलं. खोटं सुचलंच नाही, खरं ते सांगितलं.

“त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही?”

“एक अक्षर नाही.”

“आणि बाविसाव्यापासून ते वाजणं निम्मं कसं झालं?”

“मुलीनं रीळ पळवलं.”

दोन जोड्या अजून कच्च्या आहेत, त्या म्हणाल्या, महिन्यानं पुन्हा ऐकेन. मग म्हणाल्या, “सोमवारी आठला या. आणि पुढच्या वेळी तो डबा खोलीबाहेर ठेवा.”

मी वळले तेव्हा सासूबाई खाटेखाली वाकल्या होत्या. सोमवारपासून सकाळी, असं मी सांगितलं.

“बरं झालं,” त्या खालूनच म्हणाल्या. “आता माझं रीळ सोडव तिच्याकडून. उद्या कोट द्यायचाय.”

भिंगरी कोपऱ्यात रीळ छातीशी धरून बसली होती. मागून देईना, ओढून देईना. मी जमिनीवर आडवी झाले, खाटेखाली तोंड घातलं आणि ओठांचा चंबू केला. तिनं रीळ टाकलं आणि पापा द्यायला पुढे आली.