कुर्बानचं पाणी

सरपंच क्रस्त्यो यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. सोबत दाखला जोडलेला होता: नवी जलवाहिनी निर्जंतुक झाली, पाणी पिण्यास योग्य. तारीख आधीच टाकलेली, संत एलियाच्या सणाची; फक्त माझी सही हवी होती. त्या दिवशी आमच्याकडे कुर्बान असतो, मोठ्या कढयांत मेंढ्यांचा रस्सा शिजवून घरोघरी वाटतात. यंदा तो नव्या पाण्यात शिजणार, असं सरपंचांनी गावाला आणि जिल्ह्याच्या पाहुण्यांना सांगून टाकलं होतं.

मी पाणीखात्यातला निवृत्त माणूस, पण नळ निर्जंतुक करण्याचं काम माझ्याकडेच आलं. तपासणीआधी सही करणार नाही, एवढंच लिहायचं होतं. पुरेसं नम्र वाक्य काही जुळेना.

वेळ जेमतेम होता. मी नळांत क्लोरीनचं कडक पाणी भरलं, दोन्ही टोकांच्या झडपा बंद केल्या आणि गावाच्या पाणी भरायच्या कारंज्यावर 'पिऊ नका' अशी पाटी लावली. पाणी दिवसभर तसंच राहायला हवं होतं. मग नळ धुवायचे, नमुना प्रयोगशाळेत द्यायचा.

दुसऱ्या सकाळी कारंजं खळखळ वाहत होतं. शेजारी त्सोन्का कढया घासत बसली होती. कुर्बान दरवर्षी तीच शिजवते.

"झडपा कोणी उघडल्या?"

"मी. चावी तिथेच होती. त्या वासात रस्सा शिजवला तर मेंढा रुसेल, मेतोदीकाका. रात्रभर वाहू दिलं. आता झऱ्याचं छान येतंय."

"पाटी होती ना."

"प्यायलं कोण? मी तर ओतून दिलं."

मी परीक्षानळीत पाणी घेऊन क्लोरीन दाखवणारे थेंब टाकले. रंग आलाच नाही. हे नळ महिनाभर चरात उघडे पडले होते. आत चिखल होता, एका टोकातून मेलेला उंदीर निघाला होता. वाटलं, आपणच फार ताणतोय का? पुन्हा थेंब टाकले. पुन्हा काही नाही.

तेवढ्यात सरपंच आले. पाणी काचेसारखं आहे, पाहुणे येणार आहेत, पाद्री तीर्थ शिंपडणारच आहेत, असं बरंच बोलले. इतकी पुस्तकं वाचून एवढं कसं कळत नाही, असंही म्हणाले. बायका ऐकत होत्या. माझे कान तापले.

"तीर्थ माणसांसाठी, क्रस्त्यो. नळांना क्लोरीनच लागतं."

"मग दुसरा कोणी सही करेल."

"करू दे. झडपा मी बंद करतो आणि चावी माझ्याकडे राहील. काढून घ्यायची असेल तर सगळ्यांसमोर घ्या."

माझा आवाज चिरकला होता. सरपंचांनी हात पुढे केला, बायकांकडे पाहिलं आणि मागे घेतला.

त्सोन्काने कढई पालथी घातली. "म्हणजे जुन्या विहिरीचं पाणी. चढावर कोण वाहणार, तुम्ही?"

"वाहीन."

"दोन घागरींत आडवे व्हाल," ती म्हणाली आणि पोरींना हाका मारू लागली.

दुपारी मी नळ पुन्हा क्लोरीनने भरले. मग घरी येऊन लिहिलं: 'सही करणार नाही. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत पाणी सुटणार नाही. मेतोदी.' दाखला सहीविनाच परत जोडला.

सरपंचांची कचेरी माझ्या दारासमोरच आहे. पण पत्र हातात दिलं असतं, तर तोंडाने मी काहीतरी मऊ बोलून बसलो असतो. म्हणून तिकीट लावलं आणि पत्र टपालपेटीत टाकलं.