चुलीची आन

जलमात बिडी तोंडाले लावली नाही मी. पन आमच्या घरच्यांले पटन तं शपथ!

झालं असं, मले दम लागून राहिला होता. अंगनातून विहिरीपर्यंत जानं होत नव्हतं. म्हनून आमचे हे, पुरनलाल, मले सौंदडवरून गाडीनं गोंदियाले घेऊन गेले, छातीच्या डॉक्टरकडं. त्यानं मले एका नळीत फुकाले लावलं, फोटो पाहिला न म्हने, "अम्मा, बीडी पीती हो क्या? फेफड़े तो बीडीवालों जैसे हो गए हैं।" एवढं ऐकलं न ह्यांचं डोकं फिरलं, तडतड बाहेर निंघून गेले. मागून डॉक्टरनं चुलीचं विचारलं. म्हने, धूर सोडा, गॅसवर रांधा, हा दवाईचा पंप रोज तोंडानं ओढा, नाहीतर जगनं कठीन आहे. ते ऐकाले हे होते कुठं?

घरी आल्याबरोबर ह्यांनी माझी पेटी उलटी केली. उशीतला कापूस काढला. धानाच्या कोठीत हात घातला. बिडी शोधून राहिले होते बाप्पा! शेजारची दुर्गा कुंपनावरून पाहून राहिली. मले लाजही आली न संतापही आला.

"अवो, चुलीच्या धुराचं आहे हे," मी म्हनलं. "सिलेंडर पाहुन्याच्या चहासाठी ठेवलं. त्यावर रांधू द्या ना मले."

"गॅसवरच्या भातानं पोट फुगते. अन् चुलीनं कोनाचे फेफडे गेले? माझी माय जलमभर चूल फुकत होती."

"अन् मेली कायनं?"

"म्हातारपनानं."

खोटं! खोकून खोकून मेली बिचारी, मीच पाठ चोळत होती.

मंग म्हने, चुलीची आन घे. आमच्या घरी चुलीवर हात ठेवून कोनी खोटं बोलत नाही. जिनं माझा दम खाल्ला, तिलेच साक्षीले बसवलं, वा रे न्याय! तरी ठेवला हात. म्हनलं, "बिडी पेली असन तं माझी जीभ झडो."

ह्यांचे डोळे भरले. "गिरजा, चुकलो मी," म्हने. जीव थंडा झाला माझा. वाटलं, आता आयकतीन.

"मंग तं डॉक्टरचंच चुकलं," हे म्हनाले. "बिडी पेत नाही तिले बिडीवाल्याचा रोग कसा होईन? लुटाले बसले साले." अन् पंप उचलून खिशात घातला, मेडिकलवाल्याले वापस द्याले.

जाता जाता लाडानं म्हने, "भात टाक आता. चुलीवरचा."

मी काड्या लावल्या, फुकनी उचलली. पन फुकाले दमच नव्हता.