हेन्री बार्लोची नवरी

सिनेमातल्या मेलेल्या नवरीचा मेणाचा चेहरा करण्यात ओत्तोरीनोचे चार महिने गेले. दिव्यांच्या धगीने तिचं नाक रोज गळायचं आणि तो रोज शिव्या देत नवं बसवायचा. बोटं पोळून निघाली होती. आणि एवढं सगळं झाल्यावर निर्माता बोनफांती म्हणाला, पडद्यावर सगळ्यांची नावं इंग्रजी जातील.

रोममधले भुताचे सिनेमे काढणारे बरेच जण तेव्हा हेच करत. आपल्या माणसाला आपलं भूत घाबरवत नाही, ते शेजारच्या मावशीसारखं वाटतं, असं बोनफांतीचं म्हणणं. भीती विलायतीच लागते म्हणे! ओत्तोरीनो चडफडला, भांडला, पण काम जाईल म्हणून शेवटी मुकाट्याने हेन्री बार्लो झाला.

खरं तर पडद्यावरचं आपलं नाव त्याला एकाच माणसाला दाखवायचं होतं. त्याचे वडील फुल्जेन्त्सिओ लुक्काजवळच्या गावात चाळीस वर्षं चर्चसाठी प्लॅस्टरचे संतांचे पुतळे ओतत होते. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की ‘बाहुल्या’ म्हणून मोकळे होत.

सिनेमा गावात लागला तेव्हा रविवारी दुपारी तो त्यांना घेऊन गेला. पडद्यावर मेणकामापुढे बार्लोचं नाव आलं नि गेलं. नवरी कपाटातून बाहेर आली तशा बायका छातीवर क्रूस काढू लागल्या, आणि फुल्जेन्त्सिओ खुर्चीत पुढे सरकून बसले.

बाहेर चौकात कॉफी पिताना म्हातारा भलताच खुलला होता.

“डोळ्यांखालची कातडी बघितलीस? कसबी माणूस आहे हा बार्लो. त्याच्या हाताखाली राहा, काहीतरी शिकशील.”

“बाबा, बार्लो म्हणजे मीच.”

म्हाताऱ्याने त्याची पोळलेली बोटं पाहिली आणि लगेच विश्वास ठेवला. ओत्तोरीनोने मग बोनफांतीचं सगळं पुराण सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते पोकळ वाटायला लागलं.

“मी चाळीस वर्षं संत केले,” फुल्जेन्त्सिओ म्हणाले. “एकावरही माझं नाव नाही.”

“मग तुम्हाला तरी कळायला हवं.”

“कळतंय की. पण मी दुसऱ्याचंही कधी घातलं नाही.”

ते कॉफी पीत राहिले. ओत्तोरीनो वाट बघत बसला. पण कौतुक मघाशीच करून झालं होतं, आणि ते बार्लोला गेलं होतं.