कस्तुरीचा पहिला घास

नीरजा पागेला खुर्चीवर धड बसवत नव्हतं. तशी सकाळ छान गेली होती. लेकीची, सुप्रीताची, अडथळ्यांवरून उड्या मारायची पहिली फेरी झाली होती आणि तिच्या घोडीनं, कस्तुरीनं, एकही दांडी पाडली नव्हती. दुपारची फेरी अशीच गेली की पोरगी राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेला जाणार, हे सगळ्या क्लबानं तोंडभर हसून सांगून झालं होतं. पण दुसऱ्याचं काही वाकडं दिसलं की नीरजाचा जीव स्वस्थ राहत नसे, आणि शेजारच्या ठाणावर तिला काहीतरी वाकडं दिसलं होतं.

तिथे श्रीहरी निपाणीकर आपल्या मुलाच्या, म्हणजे प्रणीतच्या, घोड्याला दाणा चारत होते. दाण्यावर त्यांनी डब्यातून कसलीशी तपकिरी पूड भुरभुरली, इकडेतिकडे पाहिलं आणि पाटी घोड्याच्या तोंडाशी धरली. ते इकडेतिकडे पाहणंच नीरजाला खटकलं. ती बँकेत ऑडिटला होती. पंचवीस वर्षं तिनं माणसांच्या इकडेतिकडे पाहण्यावरच पोट भरलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

"काय घातलंत हो?" तिनं मधल्या कठड्यावरून विचारलं.

"काय नाही की ओ अक्का," श्रीहरी दचकून म्हणाले. माणूस निपाणीकडचा, इथे बंगळूरात ट्रक वाहतुकीचा धंदा करून राहिलेला. "लाउडस्पीकर लागला की हे बिथरतंय. मन शांत राहायची पूड आहे. सगळं झाडपाल्याचं, एकदम नॅचरल. स्वल्प चमचाभर तर घातलोय."

"झाडपाल्यानं माणसं मरतातसुद्धा," नीरजा म्हणाली, आणि तडक स्पर्धेतल्या घोड्यांच्या डॉक्टरणीच्या तंबूकडे निघाली. मागून रघुनंदननं, तिच्या नवऱ्यानं, "नीरू, जाऊ दे ना," म्हटलं. तो लग्नापासून हेच म्हणत आला होता आणि ती लग्नापासून जात आली होती.

डॉक्टर भाग्यलक्ष्मी ठेंगणी, शांत बाई. तिनं डबा मागवला. डब्यावर पळणाऱ्या घोड्याचं चित्र होतं, आत काय आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. श्रीहरी पुन्हा पुन्हा नॅचरल, नॅचरल म्हणत राहिले. त्यांच्या पाठीशी प्रणीत मान खाली घालून उभा होता.

"सर, अफूपण झाडावरच येते," डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाली. "या पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. घोड्याला विचारायची सोय नाही. पहिल्या तीन घोड्यांच्या लघवीचा नमुना मी आज घेणार. त्यात काही निघालं तर मुलावर बंदी येईल. आत्ताच स्वतःहून घोडा मागे घेतलात तर विषय इथेच संपला. ठरवा."

"मला खरंच माहीत नव्हतं ओ," श्रीहरींचा आवाज पडला.

आणि इथे नीरजानं, कुणी विचारलेलं नसताना, तोंड घातलं. "घोड्याच्या पोटात जे जाईल त्याची जबाबदारी आपली. माहीत नव्हतं हे उत्तर होत नाही." वाक्य चांगलं झालं होतं. तिला स्वतःलाही ते आवडलं.

श्रीहरींनी मुलाकडे पाहिलं. प्रणीतनं हातातली टोपी गवतावर आपटली आणि तंबूबाहेर गेला. घोडा मागे घेतला गेला. नीरजाला वाटलं, झालं ते योग्यच झालं. आता निघावं.

"मग घोड्याला द्यायचं तरी काय?" श्रीहरींनी हताश होऊन विचारलं. ते खरं तर कुणाला विचारत नव्हते, पण डॉक्टरला समजावून सांगायची हौस असावी.

"गवत, पाणी, दाणा. बाकी काहीही द्यायच्या आधी आम्हाला विचारा. आणि हे फक्त पुड्यांचं नाही हं. घरातलंसुद्धा. चहा नको, कॉफी नको, चॉकलेट नको. सणासुदीला लोक लाडानं मिठाई भरवतात. खसखस लावलेलं काही असेल तर अजिबात नको. खसखस अफूच्याच बोंडातली. त्यातलं मॉर्फिन कणभर असलं तरी नमुन्यात उतरतं, आणि ते स्वयंपाकघरातून आलं की दुसरीकडून, हे काही नमुना सांगत नाही."

नीरजा तंबूच्या दाराशी पोचली होती. तिथेच तिचे पाय थांबले.

कारण पागे मंडळी चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आली ती घोड्यांची पागा सांभाळायला, असं घरात सांगत. पुढे पागा गेली, घोडे गेले. आडनाव तेवढं राहिलं, आणि एक रीत राहिली. दिवाळीतला पहिला अनारसा घोड्याचा. घरात घोडा नाही म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या गल्लीतली गाय खात आली. राजाजीनगरातल्या गायी कमी झाल्या तसा तो कावळ्यांना जाऊ लागला. सुप्रीता घोड्यावर बसायला लागली तेव्हा नीरजाच्या सासूबाईंना, वसुमतीबाईंना, अस्मान ठेंगणं झालं. शेवटी पहिला अनारसा खाणारं खरं तोंड घराण्याला मिळालं होतं. यंदा गुडघे धरल्यामुळे त्यांना क्लबापर्यंत येववलं नाही, म्हणून त्यांनी डबा नीरजाच्या हाती दिला आणि बजावलं, कस्तुरीला आधी, मग तुम्ही.

नीरजानं तसंच केलं होतं. आज सकाळी सुप्रीता कपडे बदलायला गेली असताना. पहिला घास कस्तुरीनं असा काही चाटूनपुसून घेतला की दुसरा दिला, आणि ती तळहात हुंगतच राहिली म्हणून तिसराही. गूळ, तांदूळ, तूप, आणि एका अंगाला दाट थापलेली खसखस.

ती जवळजवळ पळतच ठाणाकडे आली. रघुनंदन खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन निवांत अनारसा खात होता. ओठाला खसखस चिकटली होती. तिनं डबा हिसकावून घेतला.

"अगं! एकच घेतला की!"

तिनं त्याला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चिरकत होता. रघुनंदननं ओठ पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाला, "तीन अनारसे. केवढा तो घोडा, केवढी ती खसखस. स्वल्पशानं काय होतंय?"

हाच 'स्वल्प' नीरजानं मघाशी कठड्यापलीकडून ऐकला होता, आणि त्यावर ती काय बोलली तेही तिला लख्ख आठवत होतं.

"आपली गोष्ट वेगळी आहे," रघुनंदन हळूच म्हणाला. "त्याचा हेतू होता. आपण रीत पाळली. आणि बघितलं कुणी? तू आता कृपा कर आणि तोंड मिटून बस."

तोंड मिटता आलं, पण बसता येईना. ती ठाणांच्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली. पलीकडे रिंग रोडवरून हॉर्नचा आवाज येत होता, बेळ्ळंदूरच्या काचेच्या इमारती उन्हात चकाकत होत्या आणि तिच्या डोक्यात नाही नाही ते हिशेब चालले होते. नमुना पहिल्या तिघांचाच घेणार. सुप्रीता चौथी आली तर? एखादी दांडी पडली तर? म्हणजे आपल्याच पोरीचा घोडा अडखळावा म्हणून आई देवाला हात जोडणार! तिला स्वतःची शिसारी आली. पण पुढच्याच येरझारीला ती पुन्हा तोच हिशेब करू लागली.

सुप्रीता कस्तुरीला हातानं चालवत सावलीतून आणत होती. मागच्या आठवड्यात घोडी पुढच्या डाव्या पायावर जरा जपून चालत होती. आज पाय ठणठणीत दिसत होता. दोन दिवसांच्या विश्रांतीनं असेल. विश्रांतीनंच असेल. तीन अनारशांनी काय घोड्याचं दुखणं झाकलं जातं? नसणारच जात. पण नक्की सांगता येत नव्हतं, आणि आपण ते नक्की सांगू शकत नाही, एवढंच तिला आता पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. दुखत असूनही दुखणं कळलं नाही तर जनावर मोडेपर्यंत उडी मारतं. आणि त्या उडीवर आपलीच पोरगी बसलेली असते.

"अम्मा, अशी काय फिरत्येस? मला टेन्शन येतंय तुझ्याकडे बघून," सुप्रीता ओरडली. हसतच ओरडली. कस्तुरीनं नीरजाच्या हाताकडे मान लांब केली. सगळ्या क्लबात शांत अशी ती एकटीच होती.

नीरजानं हात मागे घेतला. तेवढ्यात तिला शेजारच्या ठाणावर प्रणीत दिसला. तो आपल्या घोड्याचं खोगीर उतरवत होता, आणि उतरवता उतरवता बाहीनं नाक पुसत होता. सुप्रीताच्याच वयाचा. ज्युनिअर गटातलं त्याचंही हे शेवटचं वर्ष होतं. ही गोष्ट नीरजाला पहिल्यापासून ठाऊक होती, पण मघाशी तंबूत ती तिला आठवली नव्हती.

ती वळली. रघुनंदननं "नीरू!" अशी हाक मारली, पण या खेपेला "जाऊ दे" म्हणाला नाही.

तंबूत डॉक्टर होती आणि कोपऱ्यात आपल्या डब्याची वाट बघत श्रीहरी बसले होते. ते उठून जाईपर्यंत थांबावं असं नीरजाच्या मनात येऊन गेलं. मग तिला वाटलं, ते बसलेत तेच बरं आहे.

"मी कस्तुरीला सकाळी तीन अनारसे भरवले," ती म्हणाली. "खसखशीचे. मला माहीत नव्हतं."

शेवटचं वाक्य तोंडून गेल्यावर तिचे कान तापले. श्रीहरींनी मान वर केली. ते आता काय बोलतील या धसक्यानं ती उभी राहिली. बोलायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"आता?" श्रीहरी एवढंच म्हणाले.

"तुम्हाला जे सांगितलं तेच यांना," डॉक्टर म्हणाली, आणि पेन उचललं.

"मागे घेते," नीरजा म्हणाली. मग श्रीहरींकडे वळून, मान वर न करता, "मघाशी मी जे बोलले ना..."

"बरोबरच बोललात की," श्रीहरी म्हणाले. "तेच तर राग आला मला. मुलीला कोण सांगणार? तुम्ही सांगा अक्का. मी माझ्याला सांगितलोच नाही नीट, त्यानं माझ्या तोंडावरून ओळखला. तसं करू नका."

तिनं सांगितलं. कस्तुरीच्या ठाणात, दोघी उभ्या असताना. सुप्रीतानं डोक्यावर टोप चढवला होता, हनुवटीखालचा पट्टा लावायचा राहिला होता. ती तो लावत होती ती थांबली.

"मी दारावर लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कुणी काही भरवायचं नाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत."

"मला वाटलं, ते बाहेरच्यांसाठी आहे."

सुप्रीतानं आईकडे पाहिलं, आणि ती नजर नीरजाला तंबूतल्या सगळ्यापेक्षा जड गेली. पोरगी ओरडली नाही. तिनं टोप काढून खुंटीला अडकवला, कस्तुरीच्या मानेत तोंड खुपसलं आणि तशीच रडत राहिली. घोडी हलली नाही. बाहेर लाउडस्पीकरवर दुसऱ्या फेरीची नावं सुरू झाली. सुप्रीताचं नाव यायचं त्या जागी आलं नाही, पुढचं आलं.

बऱ्याच वेळानं सुप्रीता घोडीच्या मानेतूनच म्हणाली, "अज्जीला नको सांगू."

"काय?"

"अज्जीला नको सांगू, का ते. ती पुन्हा कधी अनारसे करणार नाही."

एवढं सगळं गमावलेली पोरगी आजीचा विचार करत होती, आणि आपण सकाळपासून कुणाकुणाचा विचार केला, हे मोजायला नीरजाला नको वाटत होतं.

फोन वाजला. वसुमतीबाईच होत्या. निकालापर्यंत त्यांना दम निघणं शक्यच नव्हतं.

"काय गं, पहिला घास घेतला ना कस्तुरीनं? आवडला?"

"हो आई. खूप आवडला."

"वाटलंच मला! मग? पहिली आली ना आपली पोरगी?"

नीरजानं डोळे मिटले. पंचवीस वर्षांत तिनं भल्याभल्यांची थाप पकडली होती, स्वतः मारायची वेळ फारशी आली नव्हती. "नाही हो. कस्तुरीचा पाय जरा दुखत होता. म्हणून दुपारी उतरलोच नाही."

"अय्यो, पाय?" पलीकडे वसुमतीबाई हळहळल्या. कळवळून हळहळल्या. "मुकं जनावर बिचारं, सांगणार तरी कुणाला. असू दे गं, स्पर्धा काय, पुन्हा होतील. तू एक कर. डब्यात राहिलेत ना अजून? निघताना तिला आणखी दोन भरव. गुळानं ताकद येते."

नीरजाच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात अजून तो डबा. कस्तुरीला वास लागला होता. तिनं मान वळवून डब्याच्या झाकणाला नाक लावलं आणि फुर्रकन श्वास सोडला.

"हो आई," नीरजा म्हणाली. "भरवते."

सुप्रीतानं डोळे पुसले, हात पुढे केला आणि तिच्या हातातून डबा काढून घेतला.